ह्नेफाटाफ्लची मोहीम : एका जुन्या पटाचें नवें रूपांतर

जुन्या ग्रंथाचें संपादन आणि जुन्या खेळाचें पुनरुज्जीवन हीं दोन कामें वरवर पाहतां अगदीं निराळीं दिसतात. पहिलें पंडितांचें व दुसरें पोरांचें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मूळ पाठ काय होता हें ठरविल्यावांचून ह्या दोहोंपैकीं एकहि काम नीट होत नाहीं. ही गोष्ट आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ वर्गांत शिकवीत आलों. आणि तरीहि एका खेळाच्या बाबतींत आमचा आम्हांलाच तिचा विसर पडला. त्या विसराची कबुली व त्यापासून निघणारा बोध हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रसंग असा घडला. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ह्नेफाटाफ्ल ह्या उत्तर युरोपांतील मध्ययुगीन पटखेळावरून टेबलावर मांडावयाची एक मोहीम रचली व तिचे नियम अभिप्रायार्थ आमच्याकडे पाठविले. अशी मोहीम म्हणजे काय हें वाचकांपैकीं कित्येकांस ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यांत सांगतों. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या इंचभर उंचीच्या रंगविलेल्या सैनिकप्रतिमा टेबलावर मांडतात. टेकड्या, झाडी, नदी, घरें हीं त्याच प्रमाणांत करून ठेवतात. अंतर पट्टीनें मोजून सैनिक हलवितात. आणि चकमकीचा निकाल बहुधा फांसे टाकून लावितात. एका लढाईचा परिणाम पुढील लढाईंत धरला, पडलेलीं माणसें पडलेलींच राहिलीं व गेलेला मुलूख गेलेलाच राहिला, म्हणजे लढायांच्या त्या मालिकेस मोहीम हें नांव मिळतें.

पटावरील खेळास युद्धाचें रूप देण्याचा हा उद्योग नवीन नाहीं. ब्रन्स्विकच्या ड्यूकच्या पदरीं असलेल्या हेलविग यांनीं इ. स. १७८० मध्यें बुद्धिबळाच्या पायावर एक युद्धक्रीडा रचली. तिच्या पटास पुष्कळ घरें होतीं, व भूमीच्या प्रकाराप्रमाणें त्यांस निरनिराळे रंग दिलेले होते. पुढें प्रशियांत रायस्वित्झ पितापुत्रांनीं घरांचा पटच काढून टाकला. पुत्रानें १८२४ मध्यें पुढें आणलेल्या क्रीडेंत नकाशा, फांसे आणि दोन्ही पक्षांहून अलग असा पंच हीं आलीं, व प्रशियन सैन्यानें तो खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं स्वीकारला. १९१३ मध्यें एच्. जी. वेल्स यांनीं ‘लिटल वॉर्स’ ह्या पुस्तकानें खेळण्यांतल्या सैनिकांची लढाई घरांतल्या जमिनीवर आणली. आणि १९७३ मध्यें टोनी बाथ यांनीं मोहीम कशी रचावी ह्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. ह्या प्रवासांत एक गोष्ट ध्यानांत येते. हेलविगच्या क्रीडेंत बुद्धिबळ ओळखूं येतें, रायस्वित्झच्या क्रीडेंत येत नाहीं. ह्यांत दोष कांहींच नाहीं. कारण आपण बुद्धिबळ देत आहों असें रायस्वित्झ म्हणत नाहीं. परंतु जो आपल्या रचनेस जुन्या खेळाचें नांव देतो, त्याला ही मोकळीक नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें तें नांव दिलें आहे. तेव्हां त्याच्या रचनेची परीक्षा त्या नांवाला धरूनच झाली पाहिजे.

आतां मूळ खेळाकडे वळूं. टाफ्ल म्हणजे पट, आणि ह्नेफी म्हणजे मूठ. परंतु ह्या खेळांत तो शब्द राजास लाविलेला असतो. राजा आपल्या थोड्या रक्षकांसह पटाच्या मध्यभागीं असतो. त्याच्या दुप्पट शत्रु चारी बाजूंस कडेशीं असतात. राजानें निसटून जावें व शत्रूनें त्याला धरावें, एवढाच ह्या खेळाचा व्यवहार. आपल्याकडील चतुरंगांत दोन्ही पक्षांस हत्ती, घोडे, रथ, पायदळ हें सारें सारखें व दोघांचें साध्यहि एकच. ह्नेफाटाफ्लमध्यें बळ विषम आणि साध्यहि विषम. आपल्या वाघबकरीच्या खेळांत अशी विषमता आहे. मात्र तेथें थोडे ते मारणारे असतात, येथें थोडे ते निसटणारे असतात.

हें एकास दोन प्रमाण आगंतुक नव्हे. आयर्लंडांतील ब्रानदुव ह्या खेळांत राजा व त्याचे चार रक्षक, समोर आठ. वेल्समधील ताउलबुर्द ह्या खेळाचें वर्णन १५८७ च्या एका हस्तलिखितांत आहे; त्यांत राजा व बारा रक्षक, समोर चोवीस. ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाच्या संग्रहांतील बाराव्या शतकाच्या एका हस्तलिखितांत ह्याच कुळांतील ‘आलिआ एव्हान्जेलिई’ नांवाचा एकोणीस रेघांचा मोठा पट काढलेला आहे. त्यांतील राजाखेरीजच्या बहात्तर सोंगट्यांची वांटणी विद्वानांनीं चोवीस व अठ्ठेचाळीस अशी लाविली आहे. तेथें सोंगट्यांवर ख्रिस्ती शुभवर्तमानांचा गूढार्थ चढविला आहे. म्हणजे तेंहि एक प्रकारचें रूपांतरच. पण त्या धर्मनिष्ठ रूपांतरकारानेंसुद्धां एकास दोन हें प्रमाण मोडलें नाहीं.

ह्या कुळांतील खेळाचे सविस्तर नियम आपल्या हातीं येतात ते मात्र फार उशिरां, आणि एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या रोजनिशींतून. कार्ल लिनीअस हा इ. स. १७३२ मध्यें, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, उत्तर स्वीडनमधील सामी लोकांच्या प्रदेशांत हिंडत होता. तेथें त्यानें टॅब्लुट नांवाचा खेळ पाहिला व त्याचे नियम लॅटिनमध्यें टिपून ठेविले. पट नऊ घरांचा चौरस. मध्यें स्वीडिश राजा व त्याचे आठ लोक, कडेशीं सोळा रशियन. सर्व सोंगट्या आपल्या बुद्धिबळांतील हत्तीप्रमाणें सरळ रेषेंत कितीहि घरें चालतात. शत्रूच्या सोंगटीच्या दोन विरुद्ध अंगांस आपल्या दोन सोंगट्या आल्या म्हणजे ती मेली. राजा कडेच्या घरीं पोंचला म्हणजे जिंकला. कडेपर्यंत एक वाट मोकळी झाली कीं ‘राइची’ म्हणून इशारा द्यावयाचा. दोन मोकळ्या झाल्या कीं ‘तुइचू’, आणि मग उपाय सरला. आपल्या शह आणि मात ह्या शब्दांचे हे दूरचे सोबती म्हणावयास हरकत नाहीं.

येथवर सर्व ठीक आहे. पाठदोष शिरला तो राजा कसा धरावा ह्या नियमांत. लिनीअसनें जें टिपलें तें असें : राजा मधल्या आसनावर असेल तर त्याला चारी बाजूंनीं वेढावें लागतें, आसनाच्या लगतच्या घरीं असेल तर तीन बाजूंनीं, आणि उघड्या मैदानांत आला असेल तर इतर सोंगट्यांप्रमाणें दोन शत्रूंमध्यें सांपडतांच तो धरला जातो. लिनीअसचे संग्रह व कागदपत्र १७८४ मध्यें जेम्स एडवर्ड स्मिथ यांनीं विकत घेतले, आणि त्यांतील ह्या रोजनिशीचें इंग्रजी भाषांतर १८११ मध्यें लंडनांत ‘लॅकेसिस लॅपोनिका’ ह्या नांवानें प्रसिद्ध केलें. त्या भाषांतरांत शेवटचा नियम हरवला. राजाला चारी बाजूंनीं वेढल्याखेरीज तो धरला जात नाहीं, असा अर्थ इंग्रजी वाचकाच्या हातीं पडला. बुद्धिबळाचे प्रसिद्ध इतिहासकार मरे यांनीं ह्याच इंग्रजी पाठावर भिस्त ठेविली. इतर पटखेळांवरील त्यांच्या १९५२ च्या ग्रंथावरून व त्यानंतरच्या लोकप्रिय पुस्तकांवरून तो नियम जगभर गेला. २०१० मध्यें जॉन ॲश्टन यांनीं मूळ लॅटिनचें नवें भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हां हरवलेला नियम सर्वांच्या दृष्टीस आला.

ह्या एका नियमाच्या लोपानें काय घडलें तें पाहण्याजोगें आहे. ज्याला धरावयास चार माणसें लागतात आणि ज्याला केवळ कड गांठावयाची आहे, तो राजा जवळजवळ अजिंक्य होतो. खेळणारांच्या तें लौकरच ध्यानांत आलें. पण भाषांतरांत चूक असेल अशी शंका फारशी कोणास आली नाहीं. खेळच सदोष आहे असा निष्कर्ष निघाला, आणि ज्यानें त्यानें आपापल्या परीनें औषध दिलें. कोणी राजाचें साध्य कडेवरून कोपऱ्यांत नेलें, कोणी कोपऱ्यांची नाकेबंदी केली, कोणी राजाची चाल आंखूड केली. ह्या दुरुस्त्यांपैकीं कांहीं स्वतंत्र खेळ म्हणून चांगल्या आहेत. परंतु ज्या रोगावर हें औषध दिलें तो रोग रोग्याच्या अंगांत नव्हता, वैद्याच्या टिपणांत होता.

आतां आमची कबुली. प्रस्तुत विद्यार्थी शाळेंत असतांना एका पावसाळ्यांत आम्हीं एका इंग्रजी पुस्तकावरून ह्या खेळाचे नियम मराठींत उतरून वर्गास दिले होते. त्यांत राजाला चारी बाजूंनीं वेढण्याचाच नियम होता. मुलें खेळलीं, राजाचा पक्ष सारखा जिंकूं लागला. एका मुलानें विचारलें कीं, गुरुजी, दुसऱ्या पक्षानें खेळावें तरी कशाला? आम्हीं उत्तर दिलें कीं, जुने लोक राजभक्त होते, म्हणून त्यांनीं खेळ असा रचला. आज हें उत्तर आठवलें म्हणजे आम्हांस लाज वाटते. मेघदूताच्या एखाद्या श्लोकांत अर्थ लागला नाहीं तर कवीला दोष देण्यापूर्वीं दुसरी प्रत पाहा, असें त्याच वर्गांत, त्याच फळ्याजवळ उभे राहून आम्ही सांगत होतों. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ मध्यें पुरी केली. तिच्यासाठीं देशभरांतून जमविलेल्या पोथ्या अक्षरशः ताडून पाहिल्या गेल्या, ही कथा आम्ही मुलांना मोठ्या अभिमानानें ऐकवीत असूं. आणि खेळाच्या बाबतींत मात्र एका छापील पानावर विश्वास ठेवून आम्हीं एक काल्पनिक राजभक्ति जुन्या लोकांच्या माथीं मारली.

विद्यार्थ्याची मोहीम त्याच टिपणावर उभी आहे. म्हणून तिच्यावरील पुढील टीका ही अर्धी आमच्यावरच आहे, असें वाचकांनीं समजावें. टीकेचे मुद्दे चार आहेत.

पहिला मुद्दा बळाच्या प्रमाणाचा. राजा फार प्रबळ होतो ह्या अनुभवावरून विद्यार्थ्यानें दोन्ही सैन्यांची किंमत गुणांकांनीं सारखी केली. प्रत्येक प्रतिमेस कांहीं गुण, आणि दोन्ही बाजूंस गुणांची बेरीज समान, ही पद्धति प्रतिमांच्या युद्धक्रीडेंत सररास चालते व अनोळखी माणसांच्या सामन्यांत ती न्याय्यहि आहे. परंतु ह्नेफाटाफ्लचा न्याय बेरजेंत नाहीं. तेथें थोड्यांस सोपें साध्य व पुष्कळांस कठीण साध्य देऊन तोल राखिला आहे. बळ समान करतांच राजाला निसटून जाण्याचें कारणच उरत नाहीं. तो उभा राहून लढतो, आणि ह्नेफाटाफ्लच्या जागीं कोणतीहि एक लढाई उरते.

दुसरा मुद्दा फांशांचा. मूळ खेळांत सोंगटी मरते ती जागेच्या चुकीनें. दोन शत्रूंच्या मध्यें सांपडली म्हणून मरते. प्रस्तुत मोहिमेंत ती फांशाच्या दानानें मरते. फांशांस आमचा सरसकट विरोध नाहीं. रणांगणावरील अनिश्चितता दाखवावयास रायस्वित्झनेंहि ते घेतले. परंतु दोन बाजूंनीं कोंडला गेलेला सैनिक पडलाच पाहिजे, हा नियम फांशाच्या वर असला पाहिजे. एरवींच्या झटापटीस फांसे खुशाल वापरावे. नाहीं तर पटाचें हृदय काढून घेऊन त्याची कातडी तेवढी टेबलावर पसरल्यासारखें होईल.

तिसरा मुद्दा पुराव्याच्या सरमिसळीचा. ह्या रचनेंत राजा कोपऱ्यांत जाऊन जिंकतो, नऊ घरांच्या हिशेबानें सैन्य मांडतो, आणि स्वतः सर्वांत जबर तलवारबहाद्दर आहे. कोपऱ्यांचा नियम अगदींच निराधार आहे असें नव्हे. आयर्लंडांत बॅलिंडेरी येथें १९३२ मध्यें सांपडलेल्या सात घरांच्या लांकडी पटाचे कोपरे खुणांनीं वेगळे दाखविलेले आहेत. परंतु तो पट आयर्लंडचा, आणि नऊ घरांचा टॅब्लुट सामी लोकांचा. तिकडे ‘हेर्व्हारर सागा’मधील एका कोड्यांत ज्या राजाभोवतीं सोंगट्या झगडतात तो निःशस्त्र म्हटला आहे, मग हा तलवारबहाद्दर कोठून आला? संपादकानें तीन प्रतींतून तीन चरण घेऊन चौथा स्वतः रचावा, तशांतला हा प्रकार आहे. रूपांतरकारानें एक शाखा धरावी. दुसरीकडून कांहीं घेतलें तर तें कोठून घेतलें हें सांगावें. आणि स्वतःचें जें असेल तें स्वतःचें म्हणावें. निराधार लिहिणार नाहीं अशी प्रतिज्ञा मल्लिनाथानें आपल्या टीकांच्या आरंभीं केली आहे. ती खेळ रचणारांसहि तितकीच लागू पडते.

चौथा मुद्दा लहान आहे, पण आम्हांस तो महत्त्वाचा वाटतो. राइची व तुइचू हे इशारे मोहिमेंत गाळले आहेत. अंतर पट्टीनें मोजावयाचें असल्यामुळें वाट मोकळी कीं बंद हें डोळ्यांस एकदम दिसत नाहीं, अशी रचनाकाराची सबब आहे. ती खरी आहे. पण तिच्यावर उपाय सोपा आहे. टेबलावर वाटा, खिंडी व उतार आंखून काढावे, आणि मोकळी वाट म्हणजे ज्या वाटेवर शत्रु उभा नाहीं ती, असें ठरवावें. ह्या खेळांत सर्वांत उत्कंठेचा क्षण राजा निसटण्याचा नव्हे. आतां निसटणार हें दोघांस कळतें तो आहे. तो गाळल्यावर काय राहिलें?

येथें कोणी असें म्हणेल कीं, अहो, हा खेळ आहे. मुलांना रंगीत प्रतिमा हलविण्यांत आनंद वाटतो, त्यांत लॅटिन पाठ व आयरिश पट कशाला? शिवाय टॅब्लुट तरी मध्ययुगीन कोठें आहे, तो तर अठराव्या शतकांतला. दुसऱ्या आक्षेपांत तथ्य आहे. बाराव्या शतकापासून बुद्धिबळ उत्तरेकडे पसरत गेलें व ह्नेफाटाफ्ल मागें पडला. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ मध्यें सांपडलेलीं बाराव्या शतकांतलीं कोरींव बुद्धिबळाचीं मोहरीं त्या संक्रमणकाळाचींच होत. टॅब्लुट हा मागें राहिलेला एक अवशेष आहे, आणि अवशेषावरून संपूर्ण देह कल्पितांना सावधपणा हवा. पण ह्यावरून अवशेष नीट वाचूं नये असें निघत नाहीं. उलट तो एकच सविस्तर साक्षीदार असल्यामुळें त्याची जबानी अक्षरशः ऐकावी असेंच निघतें. पहिल्या आक्षेपास उत्तर इतकेंच कीं, आनंदाचाच विचार केला तरी शुद्ध पाठाचा खेळ अधिक आनंदाचा आहे. दोन शत्रूंत सांपडतांच धरला जाणारा राजा मैदानांत पाऊल टाकतांना विचार करितो. अजिंक्य राजा नुसता चालत जातो.

मोहिमेचा सांचा कोणता असावा ह्याविषयीं इतिहासच एक उदाहरण पुढें करितो. इ. स. ८७८ च्या जानेवारींत गुथ्रमच्या डेन सैन्यानें चिपनहॅम येथें अचानक चाल करून वेसेक्सचा राजा आल्फ्रेड ह्यास पेंचांत धरलें. आल्फ्रेड थोड्या लोकांनिशीं निसटून सॉमरसेटच्या दलदलींत गेला, ईस्टरच्या सुमारास ॲथेल्नी येथें त्यानें लहानसा कोट बांधला, आणि मे महिन्यांत लोक जमवून एडिंग्टन येथें गुथ्रमचा पराभव केला. पटावरचा डाव राजा कडेला पोंचला कीं संपतो. मोहीम तेथें सुरू होते. पहिल्या लढाईंत राजाबरोबर किती माणसें वांचलीं ह्यावर दुसरीचें बळ ठरावें, दुसरीवर तिसरीचें. आणि कोणत्याहि लढाईंत राजा दोन शत्रूंमध्यें सांपडला तर सारी मोहीम तत्काळ संपावी. पटाचा एक नियम अशा रीतीनें सर्व मोहिमेचा कणा होतो. जुन्या खेळास मोहिमेचें रूप देण्यांत खरा लाभ कोणता, तर पटावर जो विचार करावयास जागा नाहीं तो येथें करतां येतो : निसटल्यानंतर काय?

आमच्या वाचकांस येथें १६६० चा पन्हाळगडचा वेढा व विशाळगडची वाट आठवली असेल, आम्हांसहि आठवली. पण साम्य हा संबंधाचा पुरावा नव्हे. त्या प्रसंगावर कोणास मोहीम रचावयाची असेल तर ती त्या प्रसंगाच्या साधनांवरून स्वतंत्र रचावी; उत्तरेच्या पटावर आपल्या राजाला बसवूं नये, आणि आपल्या खिंडींत त्यांच्या राजाला उतरवूं नये.

विद्यार्थ्याच्या श्रमांचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. त्याच्या मोहिमेंत ऋतूंप्रमाणें रसदीचा हिशेब आहे, जखमी माणसांची गणना आहे, आणि नदीच्या भरतीओहोटीचा नियम तर फारच चतुराईचा आहे. हें सारें ठेवावें. गुणांकांची समता, अजिंक्य राजा व त्यावरच्या सर्व मलमपट्ट्या मात्र काढून टाकाव्या, असें आम्हीं त्यास कळविलें. सोबत शुद्ध केलेले नियम आणि आमच्या जुन्या टिपणाबद्दल क्षमायाचनाहि पाठविली.

त्याचें उत्तर गेल्या महिन्यांत आलें. तो लिहितो कीं, नव्या नियमांनीं पहिल्याच संध्याकाळीं त्याचा राजा ओढ्याकांठीं दोन भालेकऱ्यांमध्यें सांपडून धरला गेला आणि तीन महिन्यांची मोहीम अर्ध्या तासांत आटोपली. मित्र हंसले, आणि लगेच पट पुन्हा मांडला. शेवटीं त्यानें विचारलें आहे कीं, त्या पावसाळ्यांत ज्यानें प्रश्न विचारला होता त्याला आतां काय सांगावें? आम्हीं उलट टपालीं लिहिलें कीं, तुझी शंका बरोबर होती व गुरुजींचें उत्तर चूक होतें, असें आमच्या नांवानें सांगावें. असो.